रसायनांच्या राज्यात : पारा सोनं गिळतो तेव्हा

बालमित्रांनो, आज एक असा प्रयोग सांगणार आहे, जो तुम्ही अजिबात करायचा नाही. फक्त वाचायचा!

समजा, घरातला जुना काचेचा थर्मामीटर हातातून पडला आणि फुटला. पाऱ्याचे चकचकीत गोळे फरशीवर इकडेतिकडे पळायला लागले. आई ते गोळा करायला धावली आणि एक इवलासा थेंब तिच्या बोटातल्या सोन्याच्या अंगठीला लागला. काय होईल?

अंगठीवर तेवढ्या जागी पांढरा डाग पडेल. चांदीचा मुलामा दिल्यासारखा! पाण्याने धुवा, साबण लावा, फडक्याने पुसा, डाग जात नाही. कारण तो वर बसलेला नाही. पारा चक्क सोन्यात शिरलाय.

साखर पाण्यात विरघळते तसे काही धातू पाऱ्यात विरघळतात. सोनं आणि चांदी त्यात आघाडीवर. पारा आणि दुसरा धातू यांचं जे मिश्रण होतं, त्याला पारदसंमिश्र म्हणतात. सगळ्या धातूंशी मात्र पाऱ्याचं असं सख्य नाही. लोखंडाला तो विचारतही नाही. म्हणून तर पूर्वीपासून पारा लोखंडाच्या भक्कम बाटल्यांमधून विकायला नेतात. आणि वाळू, दगड, माती? त्यांना तो चिकटतसुद्धा नाही.

आता जरा डोकं चालवा. वाळूच्या ढिगात सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळले आहेत. वाळूला पारा शिवत नाही, पण सोनं दिसलं की गिळतो. म्हणजे वाळूतून सोनं वेचून काढायला पाऱ्यासारखा नोकर मिळणार नाही! ही युक्ती माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन काळापासून ठाऊक आहे आणि आजही ती रोज वापरली जाते. कुठे, कशी आणि तिची किंमत कोण मोजतं, ते बघूया.

सोन्याची खाण म्हटलं की आपल्यापुढे कोलार येतं. (‘केजीएफ’ सिनेमा पाहिलेल्यांच्या तर लगेच!) तीन किलोमीटरपेक्षा खोल गेलेली, २००१ साली बंद झालेली ती प्रचंड खाण. पण जगातलं सगळं सोनं असल्या मोठ्या खाणींतून येत नाही. सत्तरहून जास्त देशांत मिळून दीड-दोन कोटी माणसं फावडं, घमेलं, चाळणी असल्या साध्या साधनांनी सोनं काढतात, असा अंदाज आहे. पेरू, घाना, टांझानिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स. कुठे नदीची वाळू धुऊन, कुठे डोंगरात बोगदा खणून. आपल्याकडे झारखंडच्या सुवर्णरेखा नदीत लोक वाळू धुताना दिसतात. नदीचं नावच बघा की! विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांना सोनझारी, सोनझरिया अशी नावं पडली.

वाळू धुण्यामागचं शास्त्र रसायनाचं नाही, वजनाचं आहे. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. पाण्याने भरली तर आतल्या पाण्याचं वजन एक किलो. वाळूच्याच गारगोटीचा सलग तुकडा त्या मापाचा घेतला तर अडीच किलोच्या थोडा वर. आणि सोन्याचा घेतला तर? १९ किलो ३०० ग्रॅम! सोनं इतकं जड असल्यामुळे परातीत वाळू-पाणी घेऊन गोल गोल हलवलं की हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून निघून जाते आणि सोनं तळाला बसतं.

पण सोनं एकटं बसत नाही, हीच तर पंचाईत. त्याच्याबरोबर काळी वाळूही उरते. ती बहुतेक लोखंडाच्या खनिजाची असते, साध्या वाळूच्या दुप्पट जड. त्यातली काही लोहचुंबकाने ओढून काढता येते, पण सगळी नाही. शेवटी हातात राहतो तो मूठभर काळा गाळ आणि त्यात पिठासारखे बारीक सोन्याचे कण. चिमट्याने उचलावेत तर दिसत नाहीत, फुंकर मारावी तर सोनंही उडून जाईल. दिवसभराची मेहनत समोर आहे आणि हाती घेता येत नाही. अशा वेळी तो माणूस खिशातून एक छोटी बाटली काढतो. बाटलीत असतो पारा.

तो गाळात पारा ओततो आणि हाताने चोळतो. हो, उघड्या हाताने! पाच-दहा मिनिटांत पारा सोन्याचे कण गिळून टाकतो. मग पाण्याने गाळ धुऊन टाकायचा. पारासुद्धा भलता जड, त्यामुळे तो तळाशी राहतो. (पारा एवढा जड आहे, की त्यावर लोखंडाचा गोळा तरंगतो. सोन्याचा मात्र बुडतो!) हा पारा फडक्यात बांधून पिळायचा. जादा पारा फडक्यातून बाहेर पडतो आणि आत राहतो एक घट्ट, पांढरा गोळा. साधारण निम्मं सोनं, निम्मा पारा.

आता त्या गोळ्यातून पारा काढायचा कसा? अगदी सोपं. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पारा मात्र ३५७ अंशांनाच उकळतो. गोळा तापवला, की पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोनं खाली राहतं. ना मोठी यंत्रं, ना शिकलेला इंजिनिअर. संध्याकाळपर्यंत सोनं विकून घरी तांदूळ आणता येतो. गरीब माणसाला आणखी काय हवं?

पण थांबा. आपण आत्ता ‘पारा उडून गेला’ असं म्हणालो. तो गेला कुठे?

रसायनशास्त्रात ‘उडून गेला’ याला काही अर्थ नसतो. पारा हे मूलद्रव्य आहे. तो जळून राख होत नाही, कुजत नाही, त्याचे तुकडे पडून दुसरं काही होत नाही. जितके अणू गोळ्यात होते, तितके कुठे ना कुठे असतातच.

त्यातले काही पहिल्यांदा जातात गोळा तापवणाऱ्याच्या नाकात. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, ठसका लागत नाही. त्यामुळे आपण काही ओढून घेतोय हे कळतच नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला साधारण ८० टक्के पारा शरीरात राहतो. रक्तातून तो मेंदूत आणि मूत्रपिंडात पोचतो. हात थरथरायला लागतात, झोप उडते, गोष्टी लक्षात राहत नाहीत, माणूस चिडचिडा होतो. आणि हे काम नेहमी खाणीवरच चालतं असं नाही. सोनं चोरीला जाईल या भीतीने पुष्कळ लोक गोळा घरी आणतात आणि स्वयंपाकाच्या चुलीवर तापवतात. शेजारी तुमच्याएवढी मुलं अभ्यास करत असतात, तान्हं बाळ झोपलेलं असतं. गार झालेली वाफ छपराला, भिंतीला, कपड्यांना चिकटते आणि पुढे कितीतरी दिवस थोडी थोडी सुटत राहते.

बाकीचा पारा जातो नदीत. तिथे गाळातले जिवाणू त्याचं रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात आणि हा मूळ पाऱ्याहूनही वाईट. तो शेवाळातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात आणि मोठ्या माशातून आपल्या ताटात येतो. दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे. तिथे चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्राच्या खाडीत सोडलं जात होतं. आधी गावातली मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली आणि मरायला लागली. मासे खाणारी मांजरं, बरं का! मग माणसांची पाळी आली. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारसं काही झालेलं नाही, पण तिच्या पोटातून जन्मलेलं बाळ मात्र आयुष्यभराचं अपंग, अशा कितीतरी घटना तिथे घडल्या.

मिनामाताचा पारा कारखान्यातला होता, सोन्याचा नव्हता. पण नदीतल्या किंवा समुद्रातल्या माशाला पारा कुठून आला याच्याशी काय देणंघेणं?

‘नदी वाहून नेईल, समुद्र मोठा आहे’ असं कोणी म्हणेल. त्याला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगा. १८४८ साली तिथे एका लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं सापडलं आणि जगभरातून लाखो माणसं धावली. सगळ्यांनी पारा वापरला. त्या काळात तिथल्या मातीत, पाण्यात किती पारा सांडला असेल? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा अंदाज आहे एक कोटी पौंड, म्हणजे साधारण साडेचार हजार टन. सोनं काढणारे पणजोबा-खापरपणजोबा कधीच गेले. पण तिथल्या काही तळ्यांच्या काठी ‘या पाण्यातला अमुक मासा किती खावा’ अशा सूचना सरकारला अजूनही लावाव्या लागतात.

आणि आज? माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा संयुक्त राष्ट्रांनी २०१५ सालचा हिशेब केला, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा निघाला तो या छोट्या सोनेवाल्यांचा, जवळजवळ ३८ टक्के. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांपेक्षाही जास्त!

तुमच्यातले हुशार विद्यार्थी विचारतील, ‘मग पाऱ्याऐवजी आम्ल का नाही वापरत?’ प्रश्न चांगला आहे. पण सोनं आम्लांना दाद देत नाही. सोनार कसोटीवर दागिना घासतो आणि त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकतो, ते पाहिलंय? तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. पितळेची रेघ असेल तर फसफसून नाहीशी होते, सोन्याची तशीच राहते. एकटं नायट्रिक आम्ल सोन्याचं काही करू शकत नाही, एकटं हायड्रोक्लोरिक आम्लही नाही. दोघं एकत्र आले मात्र, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक, की सोनं विरघळतं. या मिश्रणाचं नाव आम्लराज.

आम्लराजाची एक झकास गोष्ट आहे. १९४० साली हिटलरचं सैन्य डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात शिरलं. तिथल्या नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं लपवून ठेवली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं तेव्हा मोठा गुन्हा होता आणि पदकांवर तर नावं कोरलेली! संस्थेतल्या जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती पदकं सरळ आम्लराजात विरघळवून टाकली. सैनिकांनी सगळं उलटंपालटं केलं, पण फळीवरच्या नारिंगी पाण्याच्या बाटलीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. युद्ध संपल्यावर त्याच द्रावणातून सोनं परत मिळवलं गेलं आणि त्याची पुन्हा पदकं ओतली गेली!

पण हेवेशींकडे प्रयोगशाळा होती. नदीकाठच्या माणसाने उघड्यावर आम्लराज तापवायचं म्हटलं तर त्यातून निघणारे क्लोरिनचे आणि तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडचे धूर फुप्फुसं जाळतील. जुन्या कॉम्प्युटरच्या, मोबाइलच्या पट्ट्यांवरचं सोनं असल्याच आम्लांनी सोडवायचा धंदा काही शहरांच्या गल्लीबोळांत चालतो. त्या कामगारांची अवस्था पाऱ्यावाल्यांपेक्षा बरी नसते. मोठ्या खाणी सायनाइडच्या पातळ द्रावणात सोनं विरघळवतात. ही रीत १८८७ साली ग्लासगोमध्ये निघाली आणि कोलारलाही तीच वापरत. पण सायनाइड म्हणजे जालीम विष. त्याला टाक्या, मोजमाप, पहारा सगळं लागतं. एकट्या-दुकट्याचं ते काम नव्हे.

मग गरिबाने करायचं काय? गंमत अशी, की एक चांगलं उत्तर आपल्या सोनारांच्या पेटीत शेकडो वर्षं पडून आहे. त्याचं नाव टाकणखार!

सोनार डाग लावताना, म्हणजे दागिन्याचे दोन तुकडे जोडताना, सांध्यावर एक पांढरी पूड लावतो. ती टाकणखाराची. कोणी तिला सवागीही म्हणतात. कॅरमबोर्डावर टाकायची बोरिक पावडर हिचीच चुलत बहीण. टाकणखार तापला की आधी लाहीसारखा फुगतो, मग वितळून काचेसारखा होतो. या वितळलेल्या काचेला लोखंडाची, तांब्याची ऑक्साइडं विरघळवायची फार हौस. सोनं मात्र तिच्यात विरघळत नाही. आहे की नाही पाऱ्याच्या अगदी उलट? पारा सोनं गिळतो आणि कचरा सोडतो. टाकणखार कचरा गिळतो आणि सोनं सोडतो!

फिलिपाइन्समधल्या लुझोन बेटावर बेंगेट नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या हजारो छोट्या खाणवाल्यांनी पाऱ्याला रजा देऊन ही रीत धरली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. डेन्मार्कचे भूशास्त्रज्ञ पीटर अ‍ॅपेल यांनी ती पाहिली आणि इतर देशांतल्या खाणवाल्यांपर्यंत पोचवण्यासाठी खूप खटपट केली. रीत अशी: दगड दळून त्याचं पीठ करायचं, ते धुऊन धुऊन जड गाळ जितका कमी करता येईल तितका करायचा. उरलेल्या चिमूटभर गाळात टाकणखार मिसळून त्याची पुडी मातीच्या वाडग्यात ठेवायची आणि लोणारी कोळशावर भाता मारून तापवायचं. काळ्या वाळूतली ऑक्साइडं टाकणखारात विरघळून पातळ काच होते. सोनं वितळून, जड असल्यामुळे, त्या काचेतून खाली उतरतं. गार झाल्यावर काच फोडली की तळाशी सोन्याचा पिवळाधमक मणी!

आणि सोनं कमी मिळतं का? तुलना करून पाहिली तेव्हा काही ठिकाणी उलट जास्तच मिळालं. कारण दगड दळताना त्यातच पारा घातला तर त्याचंही पीठ होतं. त्याचे सूक्ष्म थेंब एकमेकांना धरत नाहीत आणि सोनं पोटात घेऊन पाण्याबरोबर वाहून जातात.

एवढं सगळं चांगलं आहे, तर सगळे जण टाकणखार का वापरत नाहीत? हा प्रश्न मात्र रसायनाचा नाही. पारा पाच-दहा मिनिटांत काम करतो, टाकणखाराला आधी गाळ नीट धुवावा लागतो, आच जास्त लागते, हात बसावा लागतो. ज्या खनिजात गंधक फार असतं तिथे तर नुसत्या टाकणखाराने भागतही नाही. शिवाय कित्येक ठिकाणी जो व्यापारी सोनं विकत घेतो, तोच पारा पुरवतो. त्याला कोण दुखवणार? ज्यांना पारा सोडणं जमत नाही त्यांच्यासाठी निदान झाकणाचं भांडं तरी आहे. लोखंडी डबीत गोळा घालायचा, झाकण घट्ट आवळायचं, डबीला लोखंडी नळी लावायची. नळीत वाफ गार होते आणि पारा खालच्या भांड्यात थेंबथेंब जमतो. शाळेत ऊर्ध्वपातनाचा प्रयोग पाहिलाय ना? तोच हा! नव्वद टक्क्यांहून जास्त पारा असा परत मिळू शकतो.

२०१३ साली पाऱ्याला आवर घालण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मिनामाताचंच नाव दिलंय. २०१८ साली भारतही त्यात सामील झाला. छोट्या खाणवाल्यांनी कोणत्या गोष्टी बंद कराव्यात याची त्यात यादी आहे. पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळणं आणि वस्तीत जाळणं, या दोन्ही गोष्टी तीत आहेत.

हे सगळं लांबच्या देशांतलं वाटत असेल तर मुंबईच्या झवेरी बाजारात पहाटे चक्कर मारा. दुकानं उघडायच्या आधी काही माणसं रस्त्यावरची धूळ ब्रशने गोळा करताना दिसतील. सोनारांच्या कारखान्यांतला केर, हात धुतलेलं पाणी, भट्टीची राख, गटारातला गाळ, सगळ्यात सोन्याचे कण असतात. ते काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. धुणं तेच, परात तीच आणि पुष्कळदा पारा आणि तेजाबही तेच. फक्त नदीच्या जागी गल्ली!

आईबाबांसाठी एक सूचना. घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटलाच तर मुलांना बाहेर पाठवा, खिडक्या उघडा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा आणखी पसरतो. हातमोजे घालून दोन जाड कागदांनी थेंब एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करा. अंगठ्या-बांगड्या आधी काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

करून पाहा : एका पसरट परातीत दोन मुठी नदीची वाळू घ्या. सायकलच्या दुकानातून जुने छर्रे आणा आणि त्यातले सगळ्यात लहान दहा मोजून वाळूत मिसळा. परात बादलीत किंवा टबात धरून पाणी घ्या, गोल गोल हलवा आणि काठ किंचित कलता करून वाळू थोडी थोडी बाहेर जाऊ द्या. घाई केलीत तर छर्रेही जातील! शेवटी मूठभर वाळू उरली की मोजा, दहापैकी किती राहिले. मग छर्रे बाजूला काढा, वाळू उन्हात वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. पिशवीला जे काळे बारीक कण चिकटतील ती लोखंडाची काळी वाळू. सोनझाऱ्यांच्या परातीत शेवटी उरते, तीच ही.